मॉर्मन मिशनऱ्याची दोन वर्षे : प्रस्तावना

मॉर्मन मिशनरी म्हणजे बहुतेक वेळा अठरा-एकोणीस वर्षांचा, नुकतीच शाळा संपवलेला मुलगा. अंगात पांढरा सदरा, गळ्यात टाय आणि खिशावर काळा बिल्ला. बिल्ल्यावर त्याचे पाळण्यातले नाव नसते, नुसते आडनाव असते आणि आडनावाआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. जेमतेम मिसरूड फुटलेल्या पोराला वडीलधारा म्हणण्यातली गंमत त्या पोरांनाही कळते, पण दोन वर्षे एकमेकांना हाक मारायची ती याच नावाने. या दोन वर्षांत त्याला पगार नसतो, उलट खर्च घरचा. कोणत्या देशात जायचे, कोणत्या गावात राहायचे, खोलीत सोबत कोण असेल, यातले काहीच तो ठरवत नाही. आज जगभरात असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी कामावर असतात. त्यांत मुलीही आहेत. त्यांच्या बिल्ल्यावर ‘सिस्टर’ असते आणि मुदत अठरा महिन्यांची. मुलांसाठी ही सेवा धर्मकर्तव्य मानली जाते, मुलींसाठी ती ऐच्छिक आहे.

‘मॉर्मन’ हे नाव लोकांनी पाडलेले. पंथाचे स्वतःचे नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. पूर्ण नावच वापरावे असा आग्रह पंथाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये धरला, तरी बोलण्यात ‘मॉर्मन’च टिकून आहे. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापला. सोन्याच्या पत्र्यांवरच्या प्राचीन लेखाचे आपण दैवी साहाय्याने भाषांतर केले, असे सांगून त्याने त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापला. बायबलच्या जोडीला हाही धर्मग्रंथ मानायचा, हा या पंथाचा विशेष आणि इतर ख्रिस्ती पंथांशी असलेल्या भांडणाचे मूळही तेच. ग्रंथ छापून झाल्यावर जोसेफचा भाऊ सॅम्युएल प्रती पाठीवर टाकून गावोगाव निघाला. पंथातला पहिला मिशनरी तोच समजला जातो. पुढे १८४७ मध्ये मॉर्मन लोक यूटाच्या वाळवंटात सॉल्ट लेक सिटीला जाऊन वसले. आजही सारी सूत्रे तिथूनच हलतात.

मराठी वाचकाच्या मनात ‘मिशनरी’ म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी, १८३१ पासूनचे त्यांचे अहमदनगरचे ठाणे, सोलापूरच्या शाळा, दवाखाने, छापखाने. ती माणसे धर्मशास्त्र शिकून, दीक्षा घेऊन यायची आणि हयात इथेच घालवायची. मराठी व्याकरणात आणि कोशकार्यात त्यांनी भर घातली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या जगाचे स्वयंपाकघरसुद्धा आपल्याला ओळखीचे झाले आहे. मॉर्मन मिशनऱ्याला या चित्रात बसवायला गेले तर गफलत होते. तो पाद्री नाही. या पंथात गावपातळीवर पगारी पाद्रीच नसतात. बिशप म्हणवणारा गृहस्थ आठवडाभर दुकान किंवा इंजिनिअरची नोकरी सांभाळतो आणि रविवारी मंडळी सांभाळतो. त्याच न्यायाने मिशनरीही हौशी, म्हणजे अप्रशिक्षित या अर्थी नव्हे, तर पोटासाठी न करणारा. दोन वर्षांनी तो कॉलेजात जाईल, नोकरी धरेल, लग्न करील. धर्मप्रचार हा त्याच्या आयुष्याचा व्यवसाय नाही, एक टप्पा आहे.

हा टप्पा सुरू होतो अर्जाने. बिशप मुलाखत घेतो. वागणुकीविषयी, श्रद्धेविषयी आडपडदा न ठेवता विचारतो. डॉक्टरचा दाखला लागतो, दातांच्या डॉक्टरचाही. मग सॉल्ट लेक सिटीहून नेमणूक येते. पूर्वी जाडजूड लिफाफा यायचा, आता ती संगणकावर उघडते, पण घरचे आणि शेजारचे गोळा करून ती सर्वांसमक्ष वाचायची रीत कायम आहे. एकाला ब्राझील, दुसऱ्याला शेजारचेच राज्य. पसंती विचारली जात नाही आणि नेमणुकीबद्दल कुरकुर करणे शिष्टसंमत नाही. पुढे अमेरिकेत राज्यपाल आणि सिनेटर झालेल्या मिट रॉम्नीच्या वाट्याला १९६६ साली फ्रान्स आला होता. दारूला न शिवणाऱ्या धर्माचा प्रचार वाइनच्या देशात करण्यात त्याची अडीच वर्षे गेली. किमान वय मुलांसाठी एकोणिसावरून अठरा आणि मुलींसाठी एकविसावरून एकोणीस, असा बदल २०१२ मध्ये झाला, त्यानंतर मुलींची संख्या एकदम वाढली.

खर्चाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतले कुटुंब मुलगा कुठेही असला तरी महिन्याला ठरावीक रक्कम भरते. २०२० पासून ती ५०० डॉलर आहे. टोकियोत राहणे महाग आणि एखाद्या छोट्या गावात स्वस्त, पण पैसे एका मोठ्या खात्यात जमा होऊन तिथून गरजेप्रमाणे वाटले जात असल्याने महाग गावात नेमणूक झालेल्याच्या घरावर जास्तीचा भार पडत नाही. अनेक मुले लहानपणापासून या कामासाठी गल्ला साठवतात. गरीब देशांतल्या मुलांना मंडळीकडून मदत मिळते.

नेमणुकीनंतर काही आठवडे प्रशिक्षण असते. यूटामधल्या प्रोव्हो गावचे केंद्र यांत सर्वांत मोठे. भाषा नवी असेल तर मुक्काम लांबतो. तिथे व्याकरणाचे सूत्र पाठ करत बसवत नाहीत. पहिल्या दिवसापासून त्या भाषेत प्रार्थना करायला, स्वतःची ओळख करून द्यायला लावतात. चुका होतात, हसे होते, पण जीभ सैल पडते.

आणि मग रोजचा दिवस. मिशनरी जीवनाचे खरे रूप सिद्धांतांपेक्षा घड्याळात दिसते. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, न्याहारी. आठ वाजता एकट्याचा अभ्यास, त्यानंतर जोडीदाराबरोबरचा अभ्यास. भाषा शिकायची असेल तर आणखी वेळ. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे ते रात्री नऊ-साडेनऊला परतायचे. मधे जेवणाची सुट्टी. रात्री दुसऱ्या दिवसाची आखणी, रोजनिशी, आणि साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून स्थानिक गरजेनुसार यात थोडी मोकळीक आली, पण चौकट तीच. चित्रपट नाही, दूरदर्शन नाही, पोहणे नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. वाचायला मोजकी पुस्तके. त्यांत २००४ पासून वापरात असलेली ‘प्रीच माय गॉस्पेल’ ही मार्गदर्शिका रोज हातात असते.

बाहेर पडून करायचे काय? ओळखीच्या सभासदांनी सुचवलेल्या घरी जायचे, रस्त्यात लोकांशी बोलायचे, काही देशांत घरोघर दार ठोठावायचे. कोणी ऐकायला तयार झाला तर त्याला ठरलेले पाठ सांगायचे. तो बाप्तिस्म्यापर्यंत आला तर त्याची तयारी करून घ्यायची. याशिवाय इंग्रजी शिकवणे, म्हाताऱ्यांच्या बागेतले गवत काढणे, सामान हलवायला हात लावणे अशी सेवेची कामे. दिवसाचा मोठा भाग मात्र नकार ऐकण्यात जातो. कोणी सभ्यपणे दार लावतो, कोणी धाडकन. घरात माणूस असूनही आतून आवाज येत नाही, हा तिसरा प्रकार आणि नवख्यांना तोच जास्त लागतो.

या नकाराचे स्वरूप समजून घ्यायला तामलवाडीच्या रस्त्याचा उपयोग होतो. सोलापूर-तुळजापूर मार्गावरचे हे गाव. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ याच रस्त्याने लागते. कित्येक जण अनवाणी. देवीचे आराधी, गळ्यात कवड्यांची माळ घातलेले, हातात परडी घेतलेले, दारात उभे राहून जोगवा मागतात. घरातल्या बाईला काय करायचे ते ठाऊक असते: परडीत पीठ-मीठ घालायचे, हळदकुंकू लावायचे, हात जोडायचे. दारातला अनोळखी माणूस आणि उंबऱ्याआतली बाई यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे, म्हणून दार सहज उघडते. मॉर्मन मिशनऱ्याच्या हातात झोळी नसते. त्याला पीठ नको, पैसे नकोत. त्याला वीस मिनिटे हवी असतात. मागणी वरवर किरकोळ वाटते, पण तिला ठरलेले उत्तर नसल्याने समोरचा गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस दार लावून घेतो.

दार उघडलेच तर पुढची अडचण चहाची. १८३३ साली जोसेफ स्मिथने सांगितलेल्या आहारनियमानुसार मॉर्मन माणूस दारू आणि तंबाखू घेत नाही, तसेच चहा आणि कॉफीही घेत नाही. मराठी घरात पाहुण्याने दारू-तंबाखू नाकारली तर कौतुक होते. चहा नाकारला तर ‘आमच्या घरचं चालत नाही का?’ असा प्रश्न ओठांवर येतो. या मुलखात चहाच्या कपाला जातीचा इतिहास आहे. कोण कुणाच्या घरचा चहा पितो, यावरून माणसे जोखली गेली आहेत. तेव्हा ‘धर्मात नाही’ एवढे सांगून भागत नाही. पाणी मागून घ्यावे, ताक किंवा लिंबाचे सरबत आनंदाने प्यावे, ही वाट अनुभवानेच सापडते.

या साऱ्यात मिशनरी एकटा कधीच नसतो. चोवीस तास जोडीदार बरोबर, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. एकांत फक्त न्हाणीघरातला. ख्रिस्ताने शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने धाडले, हा बायबलमधला आधार. नेमका उलटा आदेश बुद्धाने भिक्षूंना दिला होता: एका वाटेने दोघांनी जाऊ नये. धम्म जास्तीत जास्त दिशांना पोहोचावा हा त्यामागचा हिशेब. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, जुन्या तगर नगरीत, बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. त्या काळच्या व्यापारी वाटांवरून भिक्षू चालत असतील ते त्याच परंपरेतले. महानुभाव संन्याशांच्या अटनातही माणसाने सोबतीत, गोतात गुंतू नये यावरच भर होता. मॉर्मन पद्धतीत गुंतण्याची भीती नाही, घसरण्याची आहे. जोडीदार हा सोबती आणि पहारेकरी दोन्ही. वडीलधाऱ्यांना मोह कुठे होतो ते वडीलधाऱ्यांनीच ओळखलेले दिसते.

जोडी लावतो तो मिशनचा अध्यक्ष. तीन वर्षांसाठी सपत्नीक नेमलेला प्रौढ गृहस्थ. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. नव्या मुलाला अनुभवी जोडीदार देतात. कधी जोडी जमते आणि जन्माची मैत्री होते. कधी एक जण घोरणारा, दुसरा झोपेचा हलका, एक नियमांचा काटेकोर, दुसरा ‘चालतंय की’ म्हणणारा. भांडून बाहेर निघून जायची सोय नाही, कारण बाहेर जायचे तेही एकत्रच. परतलेल्या मिशनऱ्यांना काय शिकलात असे विचारले तर धर्मग्रंथाच्या बरोबरीने या जोडीदारांच्या गोष्टी निघतात. वीस वर्षांच्या आत परक्या माणसाशी असे अष्टौप्रहर जुळवून घेण्याची सक्ती पूर्वी आपल्याकडे फक्त लग्न झालेल्या मुलींवर होती.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुट्टी: पांढरे सदरे धुणे, कॉलर घासणे, बाजार, केस कापणे, घरी पत्र. हे पत्र हाच दीर्घकाळ घराशी असलेला मुख्य धागा होता. फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन वा व्हिडिओ कॉल करण्याची मुभा मिळाली. आयांना यात किती दिलासा मिळाला असेल ते सांगायला नको. जुन्या मिशनऱ्यांतले काही मात्र अजून म्हणतात की आमच्या वेळी खरी कसोटी होती. ही तक्रार सगळ्याच वसतिगृहांतून बाहेर पडलेल्यांची असते.

कसोटी अर्थात आताही आहे. आठवड्याचा आढावा द्यावा लागतो: किती जणांना पाठ सांगितले, किती नवे भेटले, कोणी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली. आकड्यांची ही पद्धत व्यवस्थापनाला सोयीची, पण एकोणीस वर्षांच्या मनाला जड. सहा महिने शून्य लिहिणारा मुलगा दोष स्वतःच्या श्रद्धेत शोधू लागतो. आजारपण, नैराश्य किंवा शंका यांमुळे काही जण मुदतीआधी परततात आणि घरच्या मंडळींत त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. आपल्याकडे पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षा सोडून गावी आलेल्या मुलाला ती नजर ओळखीची वाटेल.

मराठी मुलखाशी या मिशनऱ्यांचा संबंध जुना आहे, मात्र अल्पकाळचा. १८५१ पासून कोलकात्यात त्यांचे काम सुरू झाले आणि सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा तिशीतला स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला. त्या काळचे मॉर्मन प्रचारक पैसा न बाळगता, मिळेल त्याच्या आश्रयाने राहात. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्याला फैलावर घेतले. तो घाट चढून पुण्याला गेला. रेल्वे पुण्यापर्यंत यायला अजून अवकाश होता. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत त्याला थारा दिला नाही, तेव्हा त्याने छावणीबाहेर बिऱ्हाड केले आणि मराठीचा अभ्यास सुरू केला. १८५३ मध्ये पुण्यात त्याची डझनभर माणसांची शाखा उभी राहिली, बहुतेक युरोपीय आणि युरेशियन. त्याचा भाऊ ॲलन मदतीला आला. जोतीराव फुल्यांच्या शाळा जिथे चालू होत्या आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला, तेच हे पुणे. पण त्या खळबळीत फिंडलेचा आवाज कुठे उमटलेला दिसत नाही.

अपयशाची कारणे सरळ होती. एप्रिल १८५३ मध्ये अमेरिकेहून तेरा मिशनऱ्यांची तुकडी कोलकात्याला उतरली, त्यांतले नऊ भारतासाठी आणि चार सयामसाठी. पण त्याआधीच, ऑगस्ट १८५२ मध्ये, बहुपत्नीत्व हा आपल्या धर्माचा भाग असल्याचे सॉल्ट लेक सिटीत जाहीर करण्यात आले होते. ती बातमी पोहोचताच इंग्रज घरांची दारे बंद झाली. ही प्रथा पंथाने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली, पण डाग पुसायला पुढे कित्येक दशके गेली. एतद्देशीयांपर्यंत पोहोचायला भाषा तोकडी पडत होती. शिवाय इतर मिशनांकडे शाळा, नोकऱ्या, दुष्काळात आसरा असे काही तरी देण्यासारखे होते. मॉर्मनांकडे फक्त संदेश होता आणि जमल्यास यूटाला चला असे आवाहन. समुद्र ओलांडून वाळवंटात जायला कोण तयार होणार? फिंडले १८५५ मध्ये परत गेला आणि १८५६ पर्यंत जवळपास सगळेच मिशनरी भारत सोडून गेले. तामलवाडीपर्यंत तर ही चळवळ पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

दुसरा अध्याय शंभरांहून अधिक वर्षांनी उघडला आणि तोही अमेरिकन मुलांनी नव्हे. सामोआत राहताना पंथात आलेले एडविन आणि एल्सी धर्मराजू हे भारतीय दांपत्य १९७८ च्या डिसेंबरात हैदराबादला मिशनरी म्हणून आले आणि आपल्याच नातेवाइकांपासून त्यांनी सुरुवात केली. परक्याने दार ठोठावण्यापेक्षा मामा-काकांनी बोलावणे हा मार्ग या देशात चालतो, हे त्यातून दिसले. १९९३ मध्ये बंगळूर हे स्वतंत्र मिशन झाले, २००७ मध्ये नवी दिल्ली. बंगळूरच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली. देशातले सभासद सुमारे पंधरा हजार, त्यांतही जोर आंध्र, तेलंगण, तमिळनाडू आणि कर्नाटकात. महाराष्ट्रात हे काम मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरते आहे.

भारतात मिशनऱ्याच्या दिवसाला कायद्याची चौकट आहे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे; मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा त्या हक्काचा भाग नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. परदेशी नागरिकाला पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही, आणि मिशनरी व्हिसा सहजी मिळत नाही. म्हणून इथे बिल्ला लावलेले बरेचसे तरुण भारतीयच असतात. त्यांच्या अडचणी अमेरिकन मुलापेक्षा वेगळ्या आहेत. ऐन कॉलेजच्या वयात दोन वर्षे खंड पडतो. नोकरीच्या मुलाखतीत त्या खंडाचे उत्तर द्यावे लागते. आणि घरचे इतर लोक हिंदू किंवा दुसऱ्या पंथाचे असतील तर नेमणुकीचे पत्र वाचायला घर गोळा होत नाही.

मुदत संपली की मिशनरी गावी परततो. विमानतळावर फलक घेऊन नातेवाईक उभे असले तरी तो अजून मोकळा झालेला नसतो. प्रांतातल्या मंडळींचा प्रमुख, ‘स्टेक’चा अध्यक्ष, त्याला भेटून रीतसर कार्यमुक्त करतो, तोवर नियम चालूच. मग बिल्ला निघतो. पहिल्या दिवशी एकट्याने दुकानात जाताना चुकल्यासारखे वाटते, मागे वळून जोडीदार शोधला जातो. रविवारी मंडळीपुढे अनुभव सांगायचा असतो आणि त्या भाषणात नकाराची दारे सहसा वगळली जातात.

पुढच्या प्रकरणांत ‘एल्डर’, ‘बिशप’, ‘स्टेक’ हे शब्द तसेच ठेवले आहेत. एका शब्दाबाबत मात्र वाचकाने सावध असावे. मराठीत मिशन म्हणजे जागा: मिशन हायस्कूल, मिशनचा दवाखाना, कुंपणाआतली चिंचेची झाडे आणि कौलारू बंगला. मॉर्मन घरातला मुलगा ‘मी मिशनवर आहे’ म्हणतो तेव्हा तो मुदतीविषयी बोलत असतो. या पुस्तकात मिशन हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा.